सुताराचे पाऊल

उन्हाळ्यात हात शिरेल इतक्या भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात गाडीचे चाक तुंब्यापर्यंत गिळणाऱ्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत, बांधाबांधांवर आणि ओढ्यांच्या काठांनी जे झाड कोणी न लावता उगवते आणि कोणी न जोपासता वाढते, त्या बाभळीचा मनुष्याच्या पायाशी असलेला संबंध फार जुना असून तो वैराचाही आहे आणि उपकाराचाही आहे. तिचा काटा नांगरामागून चालणाऱ्याच्या टाचेत मोडतो. तिच्या चिवट लाकडातून सुतार गाडीचा तुंबा, चाकाचे आरे आणि तिफणीचे दिंड घडवितो. आणि तिच्या सालीतील तुरट द्रव्याने चर्मकार कातडे कमावून त्याची जी वहाण शिवतो, ती त्याच काट्यापासून पायाचे रक्षण करते. एकाच वृक्षाने इजा करावी आणि इजेचा उपायही आपल्याच अंगावर बाळगावा, ही निसर्गाची योजना पाहून मला नेहमीच आदर वाटत आला आहे. मात्र या योजनेचा लाभ ज्याला सर्वांत आधी मिळावयास हवा, जो त्या बाभळीला आडवी पाडून, चिरून, तासून माणसाच्या उपयोगी आणतो, त्या सुताराच्या पायांत काम चालू असताना बहुधा काहीच नसते.

याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तो निवाडा उतावळेपणाचा ठरेल. गावातला जुना सुतार उभ्याने काम करीत नसे. लिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीतल्या मेटावर, म्हणजे आपल्या कामाच्या जागी, तो जमिनीवर बैठक मारी, समोर अर्धा पुरलेला लाकडी ठोकळा असे, आणि घडावयाची वस्तू दोन्ही पायांच्या तळव्यांत किंवा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत घट्ट धरून तो वाकसाने तासणी करी. करवत चालविताना टाच लाकडावर दाब ठेवी, सामत्याने भोक पाडताना तळवा लाकूड हलू देत नसे, आणि चाकाचे पाटे आऱ्यांवर बसविताना सगळ्या अंगाचा भार पावलातून उतरे. युरोपातील सुतार ज्या कामासाठी उंच बाकाला लाकडी शिकंजा जडवितो, ते काम आपल्याकडे पायाने केले. पाय हा सुताराचा तिसरा हातच होता, आणि जो पाय हाताचे काम करतो त्याला जोड्यात कोंडणे म्हणजे हाताला पोते गुंडाळून रंधा मारावयास सांगणे होय. शिवाय मेटाची भुई मातीची, मऊ, शेणाने सारवलेली असे. पटाशी हातातून सुटली तरी तिची धार मोडत नसे, आणि पडलेल्या ढलप्या संध्याकाळी चुलीसाठी वेचून नेल्या जात. वाकसाचा घाव अंगठ्यापासून दोन बोटे अंतरावर पडत असताही अंगठा शाबूत राही तो वर्षानुवर्षांच्या सरावाने, आणि हा सराव कधी चुकला तर त्याची खूण डाव्या पायावर जन्मभर राही.

या व्यावहारिक कारणाच्या जोडीला एक श्रद्धेचे कारणही होते. अवजार हे सुताराचे दैवत आहे. खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी, गुण्या स्वच्छ धुऊन, त्यांना हळदकुंकू लावून ज्यांची पूजा करावयाची, त्यांच्यामध्ये बाहेरच्या धुळीने आणि शेणाने माखलेले पायताण घालून वावरणे त्याला प्रशस्त वाटत नसे. म्हणून वहाणा मेटाच्या बाहेर काढून ठेवण्याचा शिरस्ता पडला. ज्या सुताराने खुंटीच्या खडावा कोरून गोसाव्यांच्या आणि पुजाऱ्यांच्या पायांना दिल्या, ज्या पादुकांना भरताने सिंहासनावर बसविले त्यांच्याच जातीची वस्तू जो आपल्या हाताने घडवीत आला, त्याने स्वतः मात्र कामाच्या जागी अनवाणी राहणे पत्करले, यात दैन्याचा भाग होताच, पण विनयाचाही भाग होता.

आता ते मेट बहुतेक गावांतून उठले आहे. विहिरीवरच्या मोटेचे चाक सुताराने करावे आणि मोटेचे कातडे व तिची सोंड चर्मकाराने शिवावी, ही दोन बलुतेदारांची एकाच पाण्यावरची भागीदारी विजेच्या पंपाने संपविली. लोखंडी नांगराने आणि पुढे ट्रॅक्टरने बाभळीचे दिंड मागे टाकले. आणि सुतार बलुत्याचे धान्य सोडून रोकड मजुरीकडे वळला. परभणी शहरात, किंवा गंगाखेड, सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा अशा तालुक्यांच्या गावी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडकडे पाहावे, म्हणजे हा पालट ध्यानात येतो. खाली सिमेंटचा कोबा किंवा शहाबादी फरशी. मध्यभागी गोल पात्याची करवत बसविलेले टेबल. भिंतीला टेकून उभे केलेले प्लायवूडचे तक्ते. आणि कटर, ड्रिल, राउटर यांच्या तारा जमिनीवरून आडव्यातिडव्या गेलेल्या. सुतार आता उभा आहे, आणि तो दिवसाचे आठ-दहा तास उभाच असतो. लाकूड शिकंज्यात किंवा यंत्राच्या टेबलावर धरले जाते, पायाने धरावयाचे काम राहिलेले नाही. ज्या कारणासाठी पाय उघडा ठेवणे शहाणपणाचे होते ते कारण गेले, आणि अनवाणीपणाची वहिवाट तेवढी मागे उरली. फार झाले तर तिच्या जागी रबरी स्लिपर आली.

स्लिपरविषयी येथे स्पष्ट बोलणे मला अवश्य वाटते, कारण ती पायात असल्याने पायात काही तरी आहे असा खोटा भरवसा मनात उत्पन्न होतो. तिचा मऊ तळ खिळ्याला अडवीत नाही, बोटे पूर्ण उघडी राहतात, टाच सैल असल्याने जड वस्तू उचलून मागे सरकताना ती पायातून निसटते, आणि पट्टा तुटावयाचा तो नेमका ओझे हातात असताना तुटतो. कातडी वहाणही, तिची कारागिरी कितीही देखणी असली तरी, यंत्राच्या जागी अपुरीच पडते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याच्या कोल्हापुरी वहाणेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान कोणत्याही मराठी माणसाला वाटावा. पण ती रस्त्यावर चालण्यासाठी घडलेली वस्तू आहे, पडत्या लाकडाखाली उभे राहण्यासाठी घडलेली नव्हे.

पडते लाकूड म्हणजे नेमके किती मोठे संकट, याचा हिशेब सुताराला परिचित अशा वस्तूवरूनच करू. सात फूट लांब, पाच इंच रुंद आणि तीन इंच जाड असा चौकटीचा सागवानी उभा दांडा घेतला, तर त्याचे वजन तेरा-चौदा किलो भरते. एक किलो वजन एक मीटर उंचीवरून पडले, तर त्याच्या आघातात सुमारे पावणेदहा ज्यूल ऊर्जा असते. त्या मापाने हा दांडा कमरेइतक्या, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवरून निसटून सबंधच्या सबंध पावलावर आला, तर आघात १२० ज्यूलच्या आसपास होतो. बाभळीचा असेल तर लाकूड अधिक घन असल्याने आणखी वीस-पंचवीस ज्यूल वाढतात. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तक्ता तीस किलोंच्या वर असतो, आणि तो घसरतो तेव्हा बहुधा एका कोपऱ्यावर घसरतो, म्हणजे सगळा भार अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एकवटतो. मनुष्याच्या एका पावलात लहानमोठी २६ हाडे आहेत, आणि बोटांतील हाडे तर पेन्सिलीहून फारशी जाड नसतात. त्यांनी हा आघात सोसावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

धारदार हत्याराचा धोका याहून निराळ्या प्रकारचा आहे. मातीच्या भुईवर पडलेल्या पटाशीची चिंता कोणाला नव्हती, परंतु कोब्यावर पडलेली पटाशी धार गमावते. म्हणून हातातून काही सुटले की त्याचा वेग कमी करण्यासाठी पाऊल पुढे करण्याची सवय कित्येक कारागिरांच्या अंगी नकळत मुरते. अवजारावरच्या प्रेमातून आलेली ही सवय आहे, आणि तिला उपदेशाने आवर घालणे कठीण आहे, कारण ती विचाराच्या आधी घडते. तेव्हा त्या पुढे होणाऱ्या पावलावर जाड कातडे असणे, हाच तिच्यावरचा खरा बंदोबस्त.

खिळ्याचे प्रकरण अधिक गंभीर, आणि त्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. मराठवाड्यात जुने वाडे उतरविले जातात तेव्हा त्यांतील सागवानी तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या विकत घेऊन त्यांना नवे रूप देण्याचा व्यवहार चालतो. हे लाकूड उत्तम मुरलेले असते, पण त्याच्या पोटात जुने खिळे दडलेले असतात, आणि उपटलेली फळी खिळे वर करून जमिनीवर पडलेली राहणे ही नित्याची गोष्ट आहे. असा खिळा टाचेत शिरला की गंजामुळे धनुर्वात होतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वास्तविक गंज हा धनुर्वाताचे कारण नव्हे. हा रोग क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी नावाच्या जंतूमुळे होतो, ज्याला जपानी शास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो यांनी १८८९ मध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि त्याला वाढण्यासाठी प्राणवायू नसलेली जागा लागते. खिळ्याने पडलेली जखम तोंडाला अरुंद आणि आत खोल असते. वरून ती लगेच मिटते, रक्तही फारसे येत नाही, आणि आत हवा न पोहोचणारी अशी कोठडी तयार होते की जंतूला तिच्याहून सोयीची जागा सापडू नये. खिळा नवा आणि चकचकीत असला तरी त्यावर मातीचा कण असेल, तर धोका तोच. लक्षणे साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही सुरू होतात. आधी जबडा आखडतो, मग मान, मग पाठ धनुष्यासारखी वाकते, ज्यावरून आपल्या पूर्वजांनी या रोगाला इतके अचूक नाव दिले.

म्हणून अशा जखमेत चुना किंवा तंबाखू भरणे हा इलाज नसून जंतूला दार लावून देणे आहे. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. ज्याने लहानपणीच्या सर्व लसी घेतल्या आहेत त्यानेही दर दहा वर्षांनी धनुर्वाताची मात्रा घ्यावयाची असते, आणि जखम खोल व मळकी असून मागील मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावयाची असते. सुतारकाम करणाऱ्या प्रत्येकाने मागची सुई कोणत्या वर्षी घेतली ते शेडच्या भिंतीवर, जेथे उधारीचे आकडे खडूने लिहितो तेथेच, लिहून ठेवले तर त्याला दप्तराची गरज राहणार नाही.

आता बुटाकडे वळू. भारतीय मानक ब्यूरोने सुरक्षा-पादत्राणांसाठी आय.एस. १५२९८ हे मानक ठरविले असून त्याचा दुसरा भाग सुताराच्या कामाचा आहे. या भागाप्रमाणे बुटाच्या पुढच्या टोकात बसविलेली टोपी २०० ज्यूलचा आघात, म्हणजे वीस किलोंचे वजन सुमारे एक मीटरवरून पडावे इतका आघात, आणि दीड टनाच्या आसपास दाब सोसून आतल्या बोटांना जागा शिल्लक ठेवते. तिसऱ्या भागातील बूट १०० ज्यूलपर्यंतचेच असतात. वर केलेल्या चौकटीच्या हिशेबाशी हे आकडे ताडून पाहिले, म्हणजे ज्या शेडमध्ये जाड लाकूड हाताळले जाते तेथे दुसऱ्या भागाचेच बूट का हवेत हे कोणालाही पटावे. चौथ्या भागातील पादत्राणांना ही टोपी नसतेच, आणि दुकानदार केवळ ‘कामाचे बूट’ म्हणून जे पुढे करतो ते पुष्कळदा याच प्रकारात मोडतात. म्हणून बुटावर आय.एस.आय.चे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि त्याचा भाग, आणि खालचा परवाना-क्रमांक या गोष्टी पाहून खातरजमा करून घ्यावी. तळाच्या आत पोलादाचा किंवा घट्ट विणीच्या धाग्यांचा पत्रा असलेला बूट मिळतो. तो ११०० न्यूटन, म्हणजे सुमारे ११० किलो वजनाने दाबलेल्या खिळ्यालाही आत येऊ देत नाही, आणि जुन्या वाड्याचे लाकूड फोडणाऱ्याने त्याशिवाय दुसरा बूट घेऊच नये.

पोलादी टोपी वाकली तर तिच्याच कडेने बोटे कापली जातील, अशी एक भीती कामगारांत बोलून दाखविली जाते. जो भार ती टोपी वाकवील तो भार उघड्या बोटांचे काय करील, याचा विचार केला म्हणजे ही भीती राहत नाही. मात्र एकदा जबर आघात सोसलेला बूट बाहेरून धड दिसला तरी टाकून द्यावा. त्याने आपले काम बजावलेले असते. पोलादाचे ओझे नको असेल त्याच्यासाठी कठीण तंतुमिश्र द्रव्याच्या टोपीचे बूट मिळतात, ते हलके असतात आणि उन्हात तापत नाहीत. येथे वाचकांना सांगण्याजोगी एक गोष्ट अशी, की नेदरलँड्समधील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे विलो आणि पॉप्लरच्या लाकडाचे कोरीव जोडे घालतात, ते युरोपीय सुरक्षा-परीक्षेला उतरून आजही मान्यताप्राप्त संरक्षक पादत्राणे म्हणून विकले जातात. लाकडापासून पाय वाचविण्याचे सामर्थ्य लाकडातच आहे, ही वार्ता खडावा कोरणाऱ्यांच्या वंशजांना परकी वाटू नये.

बुटाचा वरचा भाग जाड, अखंड कातड्याचा आणि घोट्याला झाकणारा असावा, म्हणजे निसटलेली पटाशी अडते आणि ढलप्या आत शिरत नाहीत. कापडी खेळाच्या बुटात यांपैकी एकही गुण नाही. नाडीची टोके आत खोचावीत, आणि पायजमा किंवा पँट बुटाच्या बाहेरून सोडावी, नाही तर राउटरमधून उडणारा भुसा थेट मोज्यात उतरतो. या भुशाकडे केवळ केर म्हणून पाहू नये. साग आणि शिसव या दोन्ही लाकडांत त्वचेला डिवचणारी द्रव्ये असतात, आणि घामाने ओल्या झालेल्या, भेगा पडलेल्या पायाला ती लागली की काहींना खाज आणि पुरळ येतो, ज्याचे कारण वर्षभर उमगत नाही.

तळाची निवड करताना फरशीचा विचार आधी करावा. गुळगुळीत फरशीवर पसरलेला बारीक भुसा पायाखाली लहान लहान गोळ्यांसारखा फिरतो, आणि फिरत्या पात्यासमोर उभा असलेला मनुष्य घसरला तर इजा पायाला होऊन थांबत नाही, हात पात्यावर जातो. म्हणून चांगल्या रबराचा, मध्यम खोल नक्षीचा तळ घ्यावा. फार खोल नक्षीत ढलप्या अडकून तळ पुन्हा गुळगुळीत होतो. पॉलियुरेथेनचा तळ हलका आणि मऊ असतो, पण हवेतील ओल आणि उष्णता यांनी तो आतून विघटित होतो, आणि ‘पुढे लागतील’ म्हणून तीन-चार वर्षे माळ्यावर ठेवलेला कोरा बूट पायात घालताच त्याचा तळ भाकरीसारखा तुकडे होऊन पडतो. असा बूट घेतला तर लगेच वापरावा. रबरी तळ कोरडा असेतोवर विजेच्या झटक्यापासून थोडाफार आडोसा देतो, परंतु त्याच्या भरवशावर सोललेली तार किंवा अर्थिंगविना चाललेले यंत्र सोसून घेणे ही जिवाशी हलगर्जी होईल.

इतके सारे सांगून झाल्यावर परभणीतला सुतार जो प्रश्न विचारील तो मला ठाऊक आहे. वैशाखात पारा ४२-४३ अंशांच्या घरात असतो, वरून पत्रा तापतो, आणि अशा जागी दिवसभर कातडी बूट घालावयाचे? ही तक्रार खरी आहे, आणि तिला उत्तर दिल्यावाचून सुरक्षिततेची सगळी चर्चा कागदावर राहते, कारण जो बूट टोचतो किंवा भाजतो तो दुसऱ्या दिवशी खुंटीवर टांगला जातो. पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडचे बुटाचे नंबर इंग्रजी पद्धतीचे असून एका नंबराचा फरक इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे जवाच्या एका दाण्याच्या लांबीइतका धरलेला आहे. इंग्रजांनी तीन जवांचा इंच मानला, तसे आपल्या शिल्पशास्त्राने आठ यवांचे अंगुल मानले होते. सुतारी हिशेबात सांगावयाचे तर एक नंबर म्हणजे दोन सूत आणि वर सुताचे दोन तृतीयांश. चौकटीच्या सांध्यात अर्ध्या सुताची चूक न खपविणारा कारागीर बूट घेताना मात्र ‘आठ नंबर द्या’ म्हणून घेऊन जातो, हे मला पटत नाही. पाऊल दिवसाच्या शेवटी किंचित सुजलेले असते, तेव्हा माप संध्याकाळी, मोजे घालून, उभे राहून घ्यावे. दोन्ही पावले सारखी नसतात, म्हणून मोठे पाऊल प्रमाण मानावे. आणि सर्वांत लांब बोटापुढे आडव्या बोटाइतकी जागा राहावी, विशेषतः टोपीच्या आत, कारण ती कातड्यासारखी सैल होत नाही.

लांबीपेक्षा रुंदीचा प्रश्न आपल्या लोकांना अधिक छळतो. लहानपणापासून अनवाणी किंवा वहाणेत वावरलेले पाऊल बोटांकडे पंख्यासारखे पसरलेले असते, आणि परक्या साच्यावर बेतलेला बूट त्याला दोन्ही बाजूंनी आवळतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील सुमारे एक लाख लोकांच्या पावलांची मापे घेतली, त्यांतून भारतीय पाऊल युरोपीय पावलाहून रुंद असल्याचे दिसून आले, आणि भारतीयांसाठी स्वतंत्र मापपद्धती आखण्याचे काम हाती घेण्यात आले. ती प्रचारात येईपर्यंत ग्राहकाने दुकानात रुंद साचाच मागावा, आणि लांब नंबर घेऊन रुंदी भागविण्याचा मार्ग टाळावा; तसे केल्यास बूट घोट्याशी सैल आणि चवड्याशी घट्ट असा दुहेरी त्रास देतो.

उष्णतेवर सोपे उपाय आहेत. मोजे सुती असावेत आणि रोज धुतलेले असावेत. तळव्यात घामाच्या ग्रंथींची दाटी असते, आणि कृत्रिम धाग्याचा मोजा तो घाम टिपत नाही. ऐपत असेल तर बुटांचे दोन जोड ठेवून एकाआड एक दिवस वापरावेत, कारण घामाने ओले झालेले कातडे एका रात्रीत पुरते वाळत नाही, आणि दोन जोड आलटून पालटून वापरले तर ते एकामागून एक झिजविलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त काळ टिकतात. बूट वाळवावयाचे ते सावलीत, वाऱ्यावर. रणरणत्या उन्हात ठेवलेले कातडे तडकते. दुपारी जेवताना बूट काढून पाय धुणे हा तर आपला जुनाच रिवाज आहे, तो मोडू नये.

कोब्यावर दिवसभर उभे राहिल्याने येणारा शीण हा उन्हाहून अधिक कपटी असतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आखडतात व सैल होतात आणि पायात उतरलेले रक्त वर ढकलतात. एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्यांना हे काम करता येत नाही, म्हणून संध्याकाळी पाय जड होतात आणि वर्षांनी शिरा फुगतात. शिवाय तळव्यावर सतत ताण पडल्याने सकाळी उठताच पहिल्या पावलाला टाच ठणकू लागते. बुटात मऊ पण दबून सपाट न होणारा आतला तळवा घालावा, तो झिजला की बूट न बदलता तेवढाच बदलावा. यंत्रासमोर जेथे पाय ठरतात तेथे जाड रबरी पट्टी किंवा फळ्यांचा बसका पाट टाकावा. लाकूड कोब्याहून पायाला दयाळू असते हे सुताराला सांगावयास नको. मात्र पाटाच्या कडा ठेच लागण्याजोग्या उंच नसाव्यात.

मधुमेह असलेल्या कारागिरांसाठी हा सगळा विषय सोयीचा न राहता पाय शाबूत राहण्याचा होतो. या रोगात पावलाची संवेदना हळूहळू मंदावते. बुटात शिरलेली ढलपी दिवसभर टोचत राहते आणि कळत नाही, रात्री मोज्यावरचा डाग पाहून कळते. अशा माणसाने बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा, आत हात फिरवावा, आणि निजण्यापूर्वी दोन्ही तळवे दिव्याखाली पाहावेत किंवा घरातल्या कोणाकडून पाहून घ्यावेत.

राहिला प्रश्न श्रद्धेचा, आणि तो मी शेवटाकडे ठेवला तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. अवजारांजवळ रस्त्याची घाण नेऊ नये ही भावना योग्यच आहे, आणि तिचा मान राखण्याची तजवीज फार सोपी आहे: शेडचे बूट शेडमध्येच राहावेत, ते घालून कोणी बाहेर पाऊल टाकू नये, आणि बाहेरची वहाण पूर्वीप्रमाणेच दाराशी काढावी. असा बूट हे पायताण न राहता गुण्यासारखे, रंध्यासारखे कामाचे साधन होते, आणि त्याच्या तळाला गावाची माती लागत नसल्याने धनुर्वाताच्या जंतूंचीही आत येण्याची एक वाट बंद होते.

हा खर्च कोणी करावा? १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या यंत्रांसह दहा, किंवा विजेवाचून वीस कामगार असलेल्या जागेला कारखाना मानले, आणि महाराष्ट्राने पुढे ही मर्यादा वीस व चाळीसपर्यंत वाढविली. आपल्याकडच्या शेडमध्ये मालक, त्याचा भाऊ आणि दोन मुले अशी चार माणसे असतात, म्हणजे कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही. म्हणून जो मालक कारागिराला यंत्र देतो त्यानेच त्याला बूट द्यावेत, आणि शिकाऊ मुलाला तर पहिल्या दिवशी पटाशीच्या आधी द्यावेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांपैकी सुतार आहे आणि पादत्राणे करणारा चर्मकारही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीचे कर्ज दोघांनाही मिळते. पोलादी टोपी आणि तिची परीक्षा ही कारखान्याची कामे आहेत, ती घरी होणार नाहीत. परंतु पावलाचा नकाशा कागदावर उतरवून घेऊन रुंद चवड्याला बेतलेला आतला तळवा शिवणे, उसवलेली शिवण घालणे, झिजलेली टाच बदलणे ही कामे आपल्या गावचा चर्मकार उत्तम करतो. मोटेवर एकेकाळी एकत्र आलेले हे दोन हात बुटाच्या निमित्ताने पुन्हा एकत्र यावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि वाचकांकडेही एक मागणे आहे. सुतार आपल्या शेडमध्ये बूट वापरू लागला तरी त्याचे निम्मे काम आपल्या घरांत चालते, आणि आपल्या घरांत शिरताना तो संकोचाने बूट दाराबाहेर काढतो, मग चकचकीत फरशीवर, खिळे, स्क्रू आणि प्लायवूडच्या तुकड्यांत दिवसभर अनवाणी वावरतो. पुढच्या वेळी दाराची चौकट बसवावयाची असेल किंवा कपाट करावयाचे असेल, तेव्हा कामाच्या खोलीत जुने जाड कापड अंथरावे, देवघराचे दार लोटून घ्यावे, आणि तो उंबऱ्याशी वाकून नाडी सोडू लागण्यापूर्वीच त्याला सांगावे, “बूट राहू द्या पायात, मिस्त्री.”